मागच्या चाकातली हवा

बाबा, तुमची नात आज सकाळी सायकलवर बालाघाटहून बैहरला निघाली आहे आणि तिचा ठिपका गेली चाळीस मिनिटं गांगुलपाऱ्याच्या तलावाअलीकडे अडकून पडला आहे. ठिपका म्हणजे काय ते तुम्हाला आधी सांगायला हवं. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या गल्लीत एकच फोन होता आणि त्यालाही कुलूप असायचं. आता फोन माझ्या तळहातावर आहे आणि त्यात रस्त्यांचा नकाशा आहे. ती जिथे असेल तिथे नकाशावर एक गोल ठिपका दिसतो, त्यात तिचा हसरा फोटो. ती चालली की ठिपका चालतो, ती थांबली की थांबतो, आणि ती नेटवर्क नसलेल्या भागात शिरली की तो शेवटच्या जागी नुसता बसून राहतो, मग ती पुढे कुठेही असो. "आई, घाटात नेटवर्क जाईन," निघताना तिने बजावलं होतं, "ठिपका थांबला तर घाबरू नको." मी हौ म्हटलं. आणि घाबरले आहे.

डाळ दोनदा निवडून झाली. कपडे वाळत घातले, काढले, पुन्हा घातले. शेवटी शाळेच्या एका जुन्या वहीची मागची कोरी पानं फाडून घेतली आणि स्वयंपाकघरात ओट्याशेजारी स्टूल ओढून बसले, फोन डब्याला टेकवून समोर ठेवला. तुम्हालाच का लिहिते आहे, तर आत्ता ती कुठल्या वळणावर असेल हे या गावात मला दुसरं कोणी सांगू शकणार नाही. तिचे बाबा असते तर त्यांनीही माझ्यासारखं ठिपक्याकडेच बघितलं असतं. ते जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. आणि मराठीत का लिहिते, तर मी आयुष्यभर पोरांना हिंदीतून शिकवलं, बाजारात हिंदी बोलले, भांडलेही हिंदीतच, पण जीव घाबरा झाला की मला तुमचीच भाषा सुचते. गोंदियाहून येणारा मराठी पेपर समोर ठेवून तुम्ही माझ्याकडून रोज दहा ओळी उतरवून घ्यायचात. "शाळेत ते शिक, घरी हे शिक," म्हणायचात. त्या दहा ओळींचा उपयोग आज होतो आहे.

आपल्या गल्लीत लोकांना वाटायचं की तुम्ही कोर्टात मोठे कोणीतरी आहात. तुम्ही कोर्टाचे समन्स वाटायचात. काळी जड सायकल, कॅरियरला रबरी पट्ट्याने आवळलेली कॅनव्हासची पिशवी, पँटच्या पायाला क्लिप, आणि पिशवीत त्या त्या दिवसाचे कागद. ज्याच्या नावाचं समन्स त्याच्याच हातात द्यायचं, ते त्याला वाचून दाखवायचं, समजलं का विचारायचं आणि मगच सही किंवा अंगठा घ्यायचा, हा तुमचा नेम होता. माणूस घरी भेटला नाही तर दोन साक्षीदार उभे करून कागद दाराला चिकटवून परत यायची मुभा होती. त्याला कोर्टाच्या भाषेत चस्पा करणं म्हणायचे. तुमच्या बरोबरीचे सगळे ते सर्रास करायचे, काही तर दोन फेऱ्या वाचाव्यात म्हणून माणूस घरात असतानाही. तुम्हाला ते पटायचं नाही. "दाराले काय समजते?" म्हणायचात.

तुमचे रस्ते किलोमीटरमध्ये नव्हतेच कधी. बैहरचा रस्ता कसा, तर खाणीच्या फाट्यापर्यंत मँगनीजच्या ट्रकची लाल-काळी धूळ, तोंडाला रुमाल बांधायचा. मग गांगुलपाऱ्याचा तलाव, तिथे तहान नसली तरी पाणी प्यायचं, कारण वर घाटात मिळत नाही. पहिली दोन वळणं सीटवर बसून चढायची, तिसऱ्यावर मुकाट उतरायचं आणि सायकल हाताने ढकलायची, तिथे मर्दपणा दाखवायचा नाही. घाट संपला की उजव्या हाताला एका म्हातारीचं घर, तिच्याकडे पंप आहे. पुढे उकवा गावाच्या अलीकडे एक कुत्रा आहे, त्याच्याशी बोलत बोलत जायचं, म्हणजे तो लाजतो. मला हे सगळं पाढ्यांसारखं पाठ होतं आणि मी तो रस्ता तेव्हा पाहिलेलाही नव्हता.

तुमच्या नातीचे रस्ते नागपूरचे. तिथे नोकरी लागली आणि वर्षभरात तिने सायकल घेतली. ती बघून तुम्ही नक्की हसला असता. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, चाकं बोटाएवढी बारीक, कॅरियर नाही, मडगार्ड नाही, स्टँडसुद्धा नाही, म्हणजे उभी करायची तर भिंत शोधायची. शनिवारी सकाळी फुटाळा तलावाला वळसा आणि सेमिनरी हिल्सचा चढ, तोही एकदा नाही, तीन-चारदा, आणि कारण म्हणून सांगायला कोणाचं समन्सही नाही. रविवारी लांबचा पल्ला. कधी काटोल रोड, कधी कोराडीकडे, कधी उमरेड रोड, तर कधी सगळ्या शहराला बाहेरून फेरी मारणारा रिंग रोड. मी नागपूरला आयुष्यात पंधरा-वीसदा गेले असेन, तेही लग्नाला, दवाखान्यात, नाहीतर दीक्षाभूमीला. पण गेल्या तीन वर्षांत बालाघाटच्या या ओट्यापाशी चहा गाळता गाळता मी अख्खं नागपूर शिकले. काटोल नाक्यापाशी ठिपका रेंगाळला तर सिग्नल, फेटरीच्या पुढे थांबला तर पोहे. वर्धा रोडवर तो मध्येच उडी मारून पुढे जातो, तेव्हा ती उडत नाही, फोनचं डोकं फिरलेलं असतं. शाळेतल्या बायकांना मी सांगितलं तर म्हणाल्या, मॅडम, आप तो घर बैठे घूम आती हैं. मला घुमायचं नव्हतं हो, मला फक्त तो ठिपका परत तिच्या खोलीवर पोचलेला बघायचा असायचा.

गेल्या दिवाळीच्या आधी एका रविवारी तो रिंग रोडवर थांबला. पाच मिनिटं झाली, मी म्हटलं चहा पीत असेल. पंधरा झाली. फोन लावला, वाजत राहिला. पुन्हा लावला. अर्ध्या तासाने कोणा मुलाने उचलला आणि म्हणाला, "आंटी, टेन्शन मत लीजिए, वो होश में है." होश में है, हे ऐकल्यावर माणसाने टेन्शन कसं घेऊ नये ते त्याने सांगितलं नाही. वळणावर ट्रकमधली वाळू सांडली होती, तिचं चाक घसरलं आणि खांद्याजवळचं हाड मोडलं. मी मिळेल त्या बसने निघाले. चार-पाच तास मांडीवर फोन, फोनमध्ये ठिपका, तो आता दवाखान्यात होता आणि अजिबात हलत नव्हता. हलला नाही म्हणून इतकं बरं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

मला वाटलं, आता सुटलं. पण डॉक्टरांनी हाताची झोळी काढली त्याच आठवड्यात ठिपका पुन्हा फुटाळ्यावर.

तुम्ही घाटात जायचात तेव्हा आईजवळ असं काही नव्हतं. तुम्ही निघालात की तुम्ही पोचला असाल असं तिच्या अंदाजाने होईपर्यंत ती घरात केर काढायची नाही. तुम्ही चिडवायचात, "माह्या सायकलचं चाक तुह्या झाडूले बांधलं हाये काय वं?" तरी ती झाडूला हात लावायची नाही. मला वाटायचं, आईला काहीच कळत नाही म्हणून ती असं करते, कळलं असतं तर तिला शांत वाटलं असतं. आता मला सगळं कळतं. कुठल्या रस्त्यावर, कुठल्या बाजूने, किती वेगाने, सगळं. आणि सकाळपासून मीही केर काढलेला नाही. तुम्हाला हसायचं तर हसा.

ती परवा संध्याकाळी बसने आली, सायकलची चाकं काढून सांगाडा डिकीत घालून. हातपाय धुवायच्या आधी म्हणाली, "आई, नागपूरचे सारे रस्ते झाले. आता आबाजीचा रस्ता करायचा हाये. बैहर."

"एकटी?"

"मग? आबाजी कोनासोबत जायचे?"

"त्याईचं कामच तसं होतं. तुले काय काम हाये घाटात?"

मला वाटलं ती चिडेल. ती पायरीवर बसली, बूट काढता काढता थांबली आणि म्हणाली, "पडल्यापासून मले उताराची भीती वाटते, आई. वळण आलं का हात ब्रेक सोडतच नाई. सोबतचे पुढे निघून जातात, मी मागून पायी आल्यासारखी येते. कोनालेच नाई सांगितलं. एकदा तो घाट उतरून आली न, तर जाईन ते डोक्यातून."

यावर आईने काय म्हणायचं असतं? तुम्ही असता तर काय म्हणाला असता? भिऊन घरी बसलेली मुलगी मला हवी होती असं नाही. पण भीती घालवायला तिने नेमका तोच घाट निवडावा, ही माझीच करणी. लहानपणी तिला जेवताना मी तुमच्याच गोष्टी सांगितल्या. गांगुलपाऱ्याचं पाणी, तिसरं वळण, लाजणारा कुत्रा. राजाराणीच्या सांगितल्या असत्या तर काय बिघडलं असतं? परवा तिने फोन पुढे धरला आणि म्हणाली, पुन्हा सांग, मी लिहून घेते. मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. तिसऱ्या वळणावर उतरायचं, असं सांगितलं तर म्हणाली, "मी नाई उतरनार. माह्या सायकलले गिअर हायेत." मी म्हटलं, आबाजींनी सांगितलंय. ती म्हणाली, "ते सांगनारच, त्याईची सायकल बैलगाडीएवढी होती."

पन्नास मिनिटं झाली. ठिपका तिथेच आहे.

काल संध्याकाळी तिने मला व्हरांड्यात बोलावलं. "इकडे ये, हवा भरायची शिकून घे. तुहा पन व्यायाम होईन." तिच्या चाकाचा वाल, म्हणजे हवा भरायचं तोंड, पेनच्या रिफिलीएवढा बारीक असतो. टोकाला पितळेचा इवलासा नट, तो सैल करायचा, बोटाने जरा दाबला की हवा फुस्सकन बाहेर. मग पंप लावायचा. मी भरली. बऱ्यापैकी भरली. मी विचारलं, "याच्यात वाल-ट्यूब नसते?" तिने विचारलं, "वो क्या होता है?" मी सांगितलं, पूर्वी वालावर काळ्या रबराची बारीक नळी चढवलेली असायची, ती हवा आत धरून ठेवायची, ती नसली की कितीही पंप मारा, चाक बसलेलंच. "अच्छा," म्हणाली. एवढंच सांगून मी आत आले. पुढचं मी तिला सांगितलं नाही. कोणालाच सांगितलेलं नाही.

मी दहा वर्षांची असेन. तुम्ही घाटात पडला होतात. आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसून तुम्ही पाय लांब केला होता आणि आई कोमट पाण्याने तुमच्या गुडघ्यातले खडे काढत होती. एकेक खडा ती वाटीत टाकायची, त्याचा टण आवाज यायचा. तुम्ही हसत होतात, पण तुमच्या मानेवरची शीर ताठ झालेली मी पाहिली. आठ दिवसांनी पिशवीत पुन्हा उकव्याकडचं समन्स आलं. मी रात्री जेवताना ऐकलं आणि सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा अंगणात जाऊन मागच्या चाकाची वाल-ट्यूब ओढून काढली. कशी काढायची ते तुम्हीच शिकवलं होतं, खराब झालेली नळी मी कितीदा तुमच्या देखरेखीखाली बदलली होती. काढली आणि कंपासपेटीत पट्टीखाली लपवली. माझा हिशेब सरळ होता. हवा नाही तर सायकल नाही, सायकल नाही तर घाट नाही.

तुम्ही पंप लावला. एकदा, दोनदा, दहादा. मग वाकून वाल उघडला आणि बराच वेळ नुसते बघत राहिलात.

"वाल-ट्यूब कोनं काढली वं?"

"मले काय माहीत," मी म्हटलं.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "हौ. निघाली असंन," म्हणालात, "जुनी झालती." आणि सायकल हाताने ढकलत बस स्टँडच्या मिस्त्रीकडे गेलात. इतक्या सकाळी त्याचं दुकान उघडलेलं नव्हतं. तुम्ही तिथे बाकड्यावर बसून राहिलात, असं नंतर आईला सांगत होतात. म्हणजे घाट चुकला नाहीच, फक्त उशीर झाला.

त्या दिवशी तुम्ही परत आलात तेव्हा जेवणावर लक्ष नव्हतं. आईने विचारलं तेव्हा म्हणालात, "आज दारालेच लावून आलो." तुम्ही पोचायच्या थोडं आधीच तो माणूस परसवाड्याच्या बाजारात निघून गेला होता. शेजाऱ्यांनी सांगितलं, दोन दिवस बहिणीकडे राहून येईल. तुम्ही कागद चस्पा केलात, दोन जणांचे अंगठे घेतलेत आणि परत फिरलात. नोकरीत पहिल्यांदाच, असं म्हणालात. "अन् त्याले वाचता येत नाई," हेही म्हणालात. आई म्हणाली, कोणीतरी वाचून देईल. तुम्ही म्हणालात, "बकरीनं खाल्ला तर बकरीलेच माहीत पडंन तारीख." मी ताटावर मान घालून भात चिवडत होते. तुम्ही विनोद करत होतात असं मला वाटलं, पण कोणी हसलं नाही.

आणि मग रविवारी, तुमच्या सुट्टीच्या दिवशी, गुडघ्याला पट्टी बांधून तुम्ही पुन्हा निघालात. कोर्टाने सांगितलं नव्हतं. कागदोपत्री समन्स पोचलेलं होतं. तुम्ही केवळ त्या माणसाला तोंडाने तारीख सांगायला घाट चढून गेलात. एक फेरी वाचवायला मी जे केलं त्याने तुमच्या दोन फेऱ्या झाल्या, बाबा. मी दिवसभर दाराच्या चौकटीत बसून होते. आईने त्या दिवशीही केर काढला नाही.

उन्हं कलता कलता तुम्ही आलात. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढून माझ्या हातात दिलीत. आत वीतभर लांब, नवीकोरी, काळी वाल-ट्यूब होती, मिस्त्री कापून कापून विकतो ती. "हे तुले," म्हणालात, "कंपासात ठेव."

कंपासात ठेव. मी आत जाऊन पेटी उघडली. जुनी नळी पट्टीखाली जशीच्या तशी होती. म्हणजे तुम्ही पाहिली होतीत, आणि घेतली नव्हतीत. तुम्ही मला एक थप्पड मारली असती तरी चाललं असतं. मी रडून कबूल केलं असतं आणि ते तिथेच संपलं असतं. तुम्ही काही बोललाच नाहीत, म्हणून मीही बोलले नाही. त्यानंतर तुम्ही वीसेक वर्षं जगलात. कितीतरी सकाळी आपण दोघंच व्हरांड्यात चहा प्यायलो. तुमच्या शेवटच्या आठवड्यात सरकारी दवाखान्याच्या खाटेजवळ मी तासन् तास बसले होते, तुम्ही शुद्धीवर होतात, मी फळं कापत होते आणि तेव्हाही मला हेच आठवत होतं. त्या रस्त्याने तुम्हाला शेवटपर्यंत काही केलं नाही. तुम्ही मूत्रपिंडाच्या दुखण्याने गेलात, आणि मी उगाच सायकलवर राग धरला होता.

आता आजचं सांगते. आज ती उजाडता उजाडता उठली. उन्हं तापायच्या आत घाट चढून जायचा, ट्रक सुरू व्हायच्या आत परत यायचं, असं तिचं गणित होतं. ती आंघोळीला गेली. मी चहाचं आधण ठेवलं, गॅस बारीक केला आणि व्हरांड्यात गेले. मी चौपन्न वर्षांची आहे, बाबा. वर्गात चाळीस पोरांना खरं बोलायला शिकवते. मी खाली बसले, मागच्या चाकाच्या वालाचा तो इवलासा नट सैल केला आणि बोटाने दाबून धरला. किती वेळ लागतो हो हवा जायला. मला वाटलं आवाजाने गल्ली उठेल. मग नट पुन्हा लावला आणि चहा उतू जायच्या आत ओट्यापाशी येऊन उभी राहिले. याने ती थांबेल असं मला वाटलं होतं का? नाही. पंप तिथेच तर पडला होता. दहा वर्षांची असताना निदान माझा हिशेब तरी सरळ होता. आज तोही नव्हता. नुसते हात उठले आणि गेले.

ती बाहेर आली, चाकाला अंगठा लावून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"आई, तू हात लावलता का?"

"मी काहून लावू?"

"पंक्चर असंन," ती म्हणाली. चाक काढलं, नळी बाहेर काढली, बादलीत पाण्याखाली धरून वीतवीत तपासली. बुडबुडा कुठेच नव्हता. पुन्हा सगळं बसवलं, हवा भरली. तेवढ्यात पाऊण तास गेला. मी चहा पुन्हा गरम करून दिला, तो तिने उभ्यानेच घेतला. ती निघाली तेव्हा समोरच्या भिंतीवर ऊन आलेलं होतं. तिच्या गणितातला तो पाऊण तास मी खाल्ला. आत्ता ती घाटात ट्रकांमध्ये असेल तर माझ्यामुळे आहे. म्हणून डाळ दोनदा निवडली, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. आधीच सांगणार होते, पण इथवर येईपर्यंत लिहवलं नाही.

मध्येच फोन वाजला म्हणून थांबले होते. तिचाच. उकव्यातून.

"आई, नेटवर्क आता आलं. बरी हाये मी."

"पानी पेली का?" एवढंच विचारलं.

"पेली. अन् ऐक न, तिसऱ्या वळणावर उतरली मी. आबाजी बरोबर होते यार. कुत्रा-गित्रा काई नाई दिसला." ती हसत होती, धापा टाकत होती. मग म्हणाली, "पन बैहरले नाई जात. निघायलेच उशीर झाला न, ऊन चढलं, ट्रक पन सुरू झाले. इथूनच परत फिरतो आता."

मला खोटं बोलायचं नाही, बाबा. तेवढा एक क्षण मला आनंद झाला. माझं काम झालं असं वाटलं. आणि लगेच ती म्हणाली, "उद्या पुन्हा जातो. सोमवारची सुट्टी टाकून देतो. उद्या अजून लवकर निघीन, म्हणजे बैहर होऊन जाईन आरामात."

पुन्हा तेच. एक फेरी वाचवायला गेले आणि दोन करून बसले. याला काय म्हणावं हो? चाळीस-पंचेचाळीस वर्षांत माणूस काहीच शिकत नाही का?

"अन् आई," ती म्हणाली, "हवेचं मनात नको ठेवू. निघाली असंन." मी हवेचं नावही काढलेलं नव्हतं. "आज रातच्याले सायकल मी माह्या खोलीत ठेवतो," असं म्हणाली आणि फोन बंद केला.

तुमचं ते वाक्य तिला कोणी सांगितलेलं नाही. ती चार वर्षांची होती तुम्ही गेलात तेव्हा. तुमच्या सायकलच्या दांडीवरच्या छोट्या सीटवर बसायची, एवढंच तिला आठवतं. मला तिला म्हणता आलं असतं, हौ, मीच सोडली. फोन कानालाच होता. मी "हौ, निघाली असंन," म्हटलं.

ठिपका तासाभरापासून उकव्यातच बसला आहे. म्हणजे ती उताराला लागली. चढ तर कसाही चढून जातो माणूस, ढकलत का होईना. भीती तिला उताराचीच होती, आणि मी ट्रकांची भरती आणून तिला त्या उतारावर सोडलं आहे. तुम्ही उतरताना काय करायचात ते मी तिला सांगितलंच नाही. मला माहीतच नाही. तुम्ही चढाच्याच गोष्टी सांगायचात. उतरताना तुम्हालाही भीती वाटायची का? त्या दिवशी गुडघा फुटला तो उतरतानाच ना? हे मी तुम्हाला कधीच विचारलं नाही, आणि आता विचारून काय. हे समन्स असतं तर तुम्ही नसलेल्या पत्त्यावरही पोचवलं असतं. मला तर चिकटवायला तुमचं दारसुद्धा ठाऊक नाही. ही पानं परत त्या वहीतच घालून ठेवीन.

ठिपका हलला.

आत्ता, मी वरची ओळ लिहीत असताना. उकव्यातून एकदम उडी मारून गांगुलपाऱ्याच्या अलीकडे आला आणि आता सरकतो आहे, सावकाश, पण थांबत नाही. ती उतरली, बाबा. ती घाट उतरून आली. मी उठून केर काढला. सगळ्या घराचा काढला, डोळे पुसत पुसत, आणि धूळ गेली डोळ्यांत म्हणून आणखी पुसले. अर्ध्या-पाऊण तासात ती दारात उभी असेल, भुकेली. आली की तिला सगळं सांगावं असं आत्ता फार वाटतं आहे. वाल-ट्यूबचंही आणि हवेचंही. पण तुम्हालाही मी असंच सांगणार होते.

आणि एक राहिलं. मघाशी तिचा फोन ठेवल्यावर मी लगेच लिहायला बसले नव्हते. तिचा पंप व्हरांड्यातून उचलला आणि तांदळाच्या कोठीत खोल खुपसला, वरून तांदूळ सारखे केले. दुसरा छोटा पंप तिच्या पाठीच्या खिशातच असतो, हे मला माहीत आहे. तरी खुपसला. आता तिच्यासाठी भात टाकायचा आहे, आणि तांदूळ त्याच कोठीतून काढावे लागणार आहेत.